व्हरांड्यावरचा स्लोव्हेनिया: लोकसंख्या आणि प्रदेशविभाग शिकवण्याची एक पद्धत

लोकसंख्येचे वितरण शिकवताना भारताचा नकाशा घेतला की आकडे कोटींत जातात आणि आमच्या सिंदेवाही-नागभीड पट्ट्यातल्या मुलांच्या डोळ्यांसमोर काहीच उभे राहत नाही. एक तालुका घेतला तर उलटी अडचण होते. सगळे ओळखीचे असल्यामुळे मुले नकाशा वाचण्याऐवजी कोणाच्या मामाचे गाव कुठे आहे हे सांगू लागतात. म्हणून मी काही वर्षांपासून स्लोव्हेनिया हा देश घेतो. 2011 च्या जनगणनेत चंद्रपूर जिल्ह्याची लोकसंख्या 22,04,307 होती, आणि स्लोव्हेनिया या अख्ख्या देशात आज सुमारे 21 लाख 20 हजार माणसे राहतात. आपल्या एका जिल्ह्याएवढ्या माणसांचे स्वतंत्र राष्ट्र असते, त्याला संसद असते, 1991 मध्ये ते युगोस्लाव्हियातून बाहेर पडते आणि 2004 मध्ये युरोपीय संघात जाते, हे ऐकल्यावर वर्ग जागा होतो.

पहिल्या वर्षी मी एक चूक केली होती आणि या लेखाचे निम्मे कारण ती चूकच आहे. फळ्यावर मी "स्लोव्हेनियाचे 12 प्रांत" असे लिहिले. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मंग तिथच्या प्रांताचा कलेक्टर कुठं बसते?" मी शोधायला गेलो तेव्हा असा कोणी अधिकारी नाही, त्या 12 विभागांना सरकार नाही, निवडणूक नाही, कर बसवण्याचा अधिकार नाही, ते फक्त मोजणीसाठी आखलेले विभाग आहेत, हे लक्षात आले. तेव्हापासून मी हा देश एका नकाशावर शिकवत नाही. मोजणीचे विभाग, कारभाराचे विभाग, निधीचे विभाग आणि लोकांच्या तोंडी असलेले विभाग यांचे वेगवेगळे पदर करून ते एकावर एक ठेवावे लागतात. या चार पदरांची सरमिसळ झाली की उत्तर चुकते, आणि स्पर्धा परीक्षेच्या मार्गदर्शिकांमध्येही ही सरमिसळ सर्रास आढळते.

साहित्य फारसे लागत नाही. व्हरांड्यातली सहा फूट लांब आणि चार फूट रुंद मोकळी जागा, खडू, सुतळी, ट्रेसिंग पेपरचे तीन मोठे ताव आणि दोन मुठी तूर. आमच्याकडे धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर तूर असतेच, त्यामुळे ती आणायला सांगितली तर कोणाच्याही घरी अडचण होत नाही. एक फूट म्हणजे 50 किलोमीटर असे प्रमाण घ्यावे. देश पूर्व-पश्चिम सुमारे 250 किलोमीटर आणि दक्षिणोत्तर सुमारे 165 किलोमीटर असल्यामुळे आकृती पाच फुटांत मावते. बाह्यरेषा काढताना स्लोव्हेनियातले लोक स्वतः जी उपमा देतात ती उपयोगी पडते: त्यांच्या देशाचा आकार पळत्या कोंबडीसारखा आहे आणि कोंबडीचे डोके ईशान्येला, हंगेरीच्या सीमेकडे आहे. पश्चिमेला इटली, उत्तरेला ऑस्ट्रिया, दक्षिणेला आणि पूर्वेला क्रोएशिया. समुद्रकिनारा नैऋत्य कोपऱ्यात जेमतेम 46 किलोमीटरचा, म्हणजे आपल्या प्रमाणात फूटभरही नाही.

आता दाणे. एक दाणा म्हणजे 10 हजार माणसे, असे धरले की देशाला 212 दाणे लागतात. आधी ते मोजून एका ताटात घ्यावेत आणि मगच वाटपाला सुरुवात करावी. खडूने 12 सांख्यिकीय विभाग आखून ईशान्येकडून सुरुवात केल्यास वाटप असे होते: पोमुर्स्का 11, पोद्राव्स्का 33, कोरोश्का 7, साविन्स्का 26, झासाव्स्का 6, पोसाव्स्का 8, आग्नेय स्लोव्हेनिया 15, राजधानी ल्युब्ल्यानाचा मध्य विभाग 56, गोरेन्स्का 21, प्रिमोर्स्को-नोत्रान्स्का 5, गोरिश्का 12 आणि किनाऱ्यावरचा ओबाल्नो-क्राश्का 12. ही पूर्णांकात आणलेली संख्या आहे, हे मुलांना सांगावे. नावे अवघड वाटतात, पण त्यांतली बरीच नद्यांवरून पडलेली आहेत: मुरा नदीकाठचा तो पोमुर्स्का, द्रावाकाठचा पोद्राव्स्का, सावाकाठचा पोसाव्स्का. "पो" म्हणजे काठाने, एवढे सांगितले की मुले उरलेली नावे स्वतःच फोडू लागतात.

विभागाच्या आत दाणे सारख्या अंतरावर पेरू नयेत. इथे सगळ्यांत जास्त वेळ द्यावा, कारण घनता आणि वितरण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मुलांना इथेच उमगते. मध्य विभागाच्या 56 दाण्यांपैकी सुमारे 30 एकट्या ल्युब्ल्याना नगरपालिकेच्या हद्दीत ठेवावे लागतात. पोद्राव्स्काच्या 33 पैकी 11 मारिबोरला जातात. साविन्स्कात त्सेल्ये या शहराला 5 आणि वेलेन्ये या कोळशाच्या गावाला 3 दिले तरी 18 दाणे हातात उरतात, आणि ते लहान गावांमध्ये, टेकड्यांच्या उतारावर, द्राक्षमळ्यांच्या आणि होप्सच्या (बिअरमध्ये घालतात त्या वेलीच्या) शेतांच्या कडेने पसरावे लागतात. देशात सुमारे सहा हजार वस्त्या आहेत. 21 लाखांना सहा हजारांनी भागले की एका वस्तीला सरासरी साडेतीनशे माणसे येतात. साडेतीनशे माणसांचे गाव म्हणजे आपल्याकडचा एखादा टोला किंवा रीठ सोडून वसलेली वाडी, असे म्हटले की मुलांना प्रमाण कळते.

दाणे मांडून झाले की काही वेळ कोणीच बोलू नये आणि सगळ्यांनी उभे राहून वरून पाहावे. एक तिरपी रेघ दिसू लागते: मारिबोर, त्सेल्ये, सावा नदीची अरुंद दरी, ल्युब्ल्याना, पोस्तोयना आणि खाली समुद्राची दिशा. ही रेघ योगायोगाने पडलेली नाही. व्हिएन्नाहून त्रिएस्ते बंदराकडे जाणारा ऑस्ट्रियाचा दक्षिण लोहमार्ग 1849 मध्ये ल्युब्ल्यानाला पोहोचला आणि 1857 मध्ये त्रिएस्तेपर्यंत पूर्ण झाला. कारखाने, खाणी आणि वस्ती त्याच्या आसपास वाढत गेली. झासाव्स्का विभागातले त्रबोव्ल्ये, ह्रास्तनिक आणि झागोर्ये ही कोळशाची गावे याच मार्गालगतची. बल्लारपूर आणि घुग्घुस ज्यांनी पाहिले आहे त्यांना कोळसा आणि रेल्वे एकत्र आले की वस्ती कशी दाटते हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आता त्रबोव्ल्येच्या खाणी बंद झाल्या आहेत आणि तिथली लोकसंख्या ओसरली आहे, एवढे मात्र जरूर सांगावे.

रेघेपेक्षा रिकाम्या जागा अधिक बोलक्या असतात. वायव्येला आल्प्स आहे, तिथे 2,864 मीटर उंचीचे त्रिग्लाव शिखर आहे, त्यामुळे तिथली विरळ वस्ती कोणालाही कळते. दक्षिणेची विरळ वस्ती मात्र उलगडून दाखवावी लागते, कारण तिथे फार उंच डोंगर नाहीत. तिथे चुनखडक आहे. पाऊस भरपूर पडतो, पण पाणी जमिनीवर थांबत नाही, भेगांतून खाली जाते, नद्या गुहेत शिरून पुन्हा दुसरीकडे उगवतात आणि त्सेर्क्नित्साचे सरोवर काही महिने भरलेले तर काही महिने कोरडे असते. पाठ्यपुस्तकातला "कार्स्ट भूरूप" हा शब्द ज्या क्रास पठारावरून जगभर गेला त्या पठाराचा मोठा भाग याच देशात आहे. प्रिमोर्स्को-नोत्रान्स्का विभागाचे क्षेत्रफळ 1,456 चौरस किलोमीटर आणि दाणे पाच. दाण्यांऐवजी पूर्णांकात न आणलेल्या लोकसंख्येवरून घनता काढली तर दर चौरस किलोमीटरला सुमारे 37 येते. गडचिरोलीची 2011 ची घनता 74 होती. आपल्या मनात गडचिरोली म्हणजे विरळ वस्तीची परिसीमा असते, त्यामुळे तिच्याही निम्मी घनता युरोपातल्या एका सुस्थित देशात निघते तेव्हा मुले भागाकार दोनदा तपासतात. तपासू द्यावा. आपल्या मालगुजारी तलावांच्या पट्ट्यात पाणी अडते म्हणून धान होते आणि धान होते म्हणून गावे दाट आहेत, हा संबंध त्यांना त्याच तासाला जोडून देता येतो.

आग्नेयेकडच्या कोचेव्ये भागाची रिकामी जागा निसर्गाने केलेली नाही. तिथे मध्ययुगापासून जर्मन भाषिक शेतकऱ्यांची वस्ती होती. दुसऱ्या महायुद्धात हा भाग इटलीच्या ताब्यात गेला तेव्हा जर्मनी आणि इटली यांच्यातल्या करारानुसार 1941-42 च्या हिवाळ्यात त्यांतल्या बहुतेकांना तिथून हलवण्यात आले; पुढे युद्धात गावे जळाली, कित्येक पुन्हा वसलीच नाहीत आणि शेतांवर जंगल चढले. आज तिथे तपकिरी अस्वलांचा अधिवास आहे. ताडोब्याच्या पुनर्वसनाच्या गोष्टी घरात ऐकलेली मुले आमच्या वर्गात आहेत, म्हणून या ठिकाणी मी थोडा थांबतो आणि दोन घटनांची कारणे वेगळी आहेत हे स्पष्ट करतो. गाव उठले की जंगल येते, एवढेच साम्य. लोकसंख्येच्या नकाशावरची प्रत्येक मोकळी जागा डोंगर किंवा दुष्काळ यांच्या खात्यावर मांडण्याची सवय मात्र या एका उदाहरणाने मोडते.

आणखी एक प्रश्न चांगल्या वर्गात हमखास येतो: राजधानी एवढी लहान का? ल्युब्ल्यानात देशातली जेमतेम सातव्या हिश्श्याची लोकसंख्या आहे. याचे एक मोठे कारण म्हणजे 1970 च्या दशकात, युगोस्लाव्हियाच्या काळात, विकास अनेक केंद्रांत वाटण्याचे धोरण तिथे राबवले गेले. कारखाने लहान शहरांत गेले, माणसे आपल्या गावी घर बांधून राहिली आणि रोज कामाला जाऊ-येऊ लागली. त्यामुळे तिथे खेडे म्हणजे शेतकऱ्यांचे गाव असे समीकरण राहिलेले नाही. आपल्याकडे मूल किंवा सावली तालुक्यातला तरुण कामासाठी थेट पुण्याला जातो, त्या ओघाशी हे ताडून पाहण्यासारखे आहे, पण त्यावर भाषण देण्याचा मोह शिक्षकाने आवरावा.

आता पदरांकडे वळू. दाण्यांना धक्का न लावता वर चार विटांवर सुतळी ताणून पहिला ट्रेसिंग पेपर ठेवावा. त्यावर कारभाराचे विभाग काढायचे. स्लोव्हेनियात राष्ट्रीय सरकारच्या खाली थेट नगरपालिका येतात. त्यांना तिथे "ओब्चिना" म्हणतात. त्यांत शहरेही येतात आणि खेड्यांचे गटही, म्हणून आपल्या नगरपालिकेपेक्षा ग्रामपंचायत आणि पंचायत समिती यांच्या मधली काहीतरी संस्था डोळ्यांपुढे आणलेली बरी. 1994 मध्ये नव्या रचनेने त्या 147 झाल्या, फुटत फुटत 2014 मध्ये 212 वर आल्या. दाणेही 212 आणि ओब्चिनाही 212, हा निव्वळ योगायोग आहे; दरवर्षी दोन-तीन मुले "एका ओब्चिनेत एक दाणा" असे लिहून मोकळी होतात, तेव्हा हे आधीच बजावावे. कायद्यात एका ओब्चिनेला किमान 5,000 लोकसंख्येची अट आहे, तरीही अपवादांच्या वाटेने त्याहून लहान अशा कितीतरी निर्माण झाल्या, आणि हंगेरीच्या सीमेवरच्या होदोशमध्ये तर साडेतीनशेच्या आसपास माणसे आहेत. होदोशला दाणा देता येत नाही. त्यासाठी मी तांदळाची एक कणी ठेवतो.

याच कागदावर दुसऱ्या रंगाने 58 प्रशासकीय घटक दाखवता येतात. ही राज्याची कार्यालये आहेत, निवडून आलेली मंडळे नव्हेत. ओळखपत्र, पारपत्र, वाहन परवाना अशी कामे तिथे होतात, म्हणजे आपल्या तहसील कार्यालयाशी त्यांचे नाते अधिक जवळचे आहे. मागच्या बाकावरच्या त्या प्रश्नाचे खरे उत्तर इथे मिळते. राज्यघटनेत प्रांत स्थापन करण्याची तरतूद आहे, त्यावर अनेकदा चर्चा झाली, 2008 मध्ये सल्लागार स्वरूपाचे सार्वमतही घेतले गेले, पण प्रांत आजवर अस्तित्वात आलेले नाहीत.

दुसऱ्या कागदावर एकच रेघ येते. युरोपीय संघाच्या विकासनिधीसाठी देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग पाडलेले आहेत. मध्य विभाग, गोरेन्स्का, गोरिश्का आणि ओबाल्नो-क्राश्का हे चार पश्चिमेत आणि बाकीचे आठ पूर्वेत. मुलांना दाणे मोजायला लावावेत: पश्चिमेत 101, पूर्वेत 111. नकाशा नीट पाहणारे मूल इथे एक हरकत घेते, आणि ती बरोबर असते. प्रिमोर्स्को-नोत्रान्स्का हा विभाग इटलीच्या बाजूला, किनाऱ्याच्या पाठीशी आहे, तरी तो पूर्वेत मोजला जातो. इथे पूर्व-पश्चिम हे शब्द दिशा कमी आणि उत्पन्नाची पातळी जास्त दाखवतात. राजधानी ज्या अर्ध्यात आहे ते सधन आहे, आणि दोन्ही एकत्र मोजले असते तर पूर्वेची गरज सरासरीत बुडाली असती. विदर्भाचा अनुशेष मोजताना कोणता प्रदेश कशात धरायचा यावरून किती वाद झाले हे मोठ्या माणसांना आठवत असेल. वर्गात मी तो विषय काढत नाही.

तिसरा कागद माझ्या आवडीचा आहे. त्यावर लोकांच्या तोंडचे प्रदेश काढावेत: गोरेन्स्का, दोलेन्स्का, नोत्रान्स्का, श्तायेर्स्का, कोरोश्का, प्रिमोर्स्का, प्रेकमुर्ये. यांतले पहिले तीन मिळून हॅब्सबर्ग साम्राज्यातला क्रान्स्का हा जुना प्रांत होत असे. वरचा, खालचा आणि आतला असे त्यांचे अर्थ आहेत. श्तायेर्स्काचा मोठा भाग आज ऑस्ट्रियातच आहे. कोरोश्काचेही तसेच, 10 ऑक्टोबर 1920 च्या सार्वमतात दक्षिण कोरोश्काने ऑस्ट्रियात राहण्याचा कौल दिला. प्रेकमुर्ये म्हणजे मुरा नदीपल्याडचा मुलूख, तो पहिल्या महायुद्धापर्यंत हंगेरीच्या राज्यात होता. प्रिमोर्स्का 1920 च्या करारानंतर इटलीकडे होता, त्याचा बराच भाग 1947 मध्ये युगोस्लाव्हियाकडे आला, पण गोरित्सा शहर इटलीतच राहिले, आणि म्हणून सीमेच्या अलीकडे नोवा गोरित्सा, म्हणजे नवे गोरित्सा, उभारावे लागले. यांतल्या एकाही प्रदेशाला आज कार्यालय नाही. तरीही माणूस कुठला असे विचारले तर उत्तर याच नावांत येते, बोली याच नावांनी ओळखल्या जातात आणि एकमेकांच्या कंजूषपणाच्या गोष्टी याच नावांवर रचल्या जातात.

मुलांना हे कळायला वेळ लागत नाही. कागदोपत्री नागपूर विभाग आणि अमरावती विभाग आहेत. पण आमच्याकडे कोणी स्वतःला नागपूर विभागाचा म्हणवून घेत नाही, तो झाडीपट्टीचा असतो, आणि अकोल्याचा पाहुणा वऱ्हाडातला असतो. वऱ्हाड नावाचे प्रशासन कधीच गेले, तरी वऱ्हाड राहिले. फरक एवढाच की गोरेन्स्का आणि कोरोश्का ही नावे सांख्यिकीय विभागांनाही दिलेली आहेत, आणि त्या दोन्हींच्या सीमा तंतोतंत जुळत नाहीत. एखाद्या तक्त्यात "कोरोश्का" दिसले की तो मोजणीचा विभाग आहे की बोलण्यातला, हे आधी पाहावे.

शेवटी कालक्रमाची दोन पथ्ये. सीमा बदलल्या की आकडे माणसे न हलता हलतात. 2015 मध्ये लितिया ही ओब्चिना मध्य विभागातून झासाव्स्कात घालण्यात आली, त्यामुळे झासाव्स्काची लोकसंख्या एकाएकी वाढलेली दिसते, प्रत्यक्षात तिथे कोळसा संपल्यानंतर माणसे कमीच होत आहेत. चंद्रपूरची 1981 ची आणि 1991 ची लोकसंख्या शेजारी ठेवणाऱ्याने 26 ऑगस्ट 1982 ला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला हे विसरले तर तो अशाच खड्ड्यात पडतो. दुसरे, व्याख्या बदलली तरीही आकडा बदलतो. स्लोव्हेनियाच्या 1991 च्या जनगणनेत मूळ आकडा 19,65,986 होता, त्यात परदेशी कामाला गेलेले लोकही धरले होते. 2002 च्या व्याख्येने तोच आकडा 19,13,355 होतो. 2002 मध्ये लोकसंख्या 19,64,036 आली. पहिल्या आकड्याशी तुलना केली तर देश आक्रसला असे दिसते, दुसऱ्याशी केली तर 50 हजारांनी वाढला. आणि 2011 पासून तिथे प्रगणक दारोदार जातच नाही. नोंदवह्यांतली माहिती जोडून जनगणना होते. जनगणनेची पिशवी खांद्याला लावून उन्हातान्हात फिरलेल्या आम्हा शिक्षकांना ही गोष्ट थोडी हेवा वाटण्याजोगी आहे.

वयाचे चित्र दाखवायचे असेल तर दर पाच दाण्यांमागे एक दाणा चुन्यात बुडवून पांढरा करावा. देशात पासष्टी ओलांडलेल्यांचे प्रमाण एक पंचमांशाहून किंचित जास्त आहे, आणि पोमुर्स्कात ते सरासरीच्याही वर जाते, म्हणून तिथल्या 11 दाण्यांत पांढरे तीन ठेवावेत. जन्मापेक्षा मृत्यू जास्त असूनही लोकसंख्या घटत नाही, कारण बोस्निया-हर्जेगोविना आणि जुन्या युगोस्लाव्हियातल्या इतर भागांतून लोक कामासाठी येतात.

वेळ उरला तर शेजारी चंद्रपूर जिल्हा त्याच प्रमाणात आखून त्याच्या 15 तालुक्यांत 220 दाणे मांडावेत. जागा निम्म्याहून थोडी जास्त आणि दाणे जवळपास तेवढेच, त्यामुळे घनतेबद्दल वेगळे बोलावे लागत नाही. व्हरांड्याला जाळी नसेल तर एक मूल राखणीला बसवावे. गेल्या वर्षी मधल्या सुट्टीत शेजारच्या घरची कोंबडी येऊन पोसाव्स्का टिपून गेली आणि ताटात परत भरले तेव्हा दाणे 204 निघाले.